हृदयविफलता आणि जीवनगुणवत्ता : उरला औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात

छत्तीसगडची राजधानी रायपूरच्या उत्तर बाजूस, बिरगाव परिसरात उरला हे औद्योगिक क्षेत्र आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलाद वितळवणारे कारखाने, रोलिंग मिल आणि त्यांना पूरक असे अनेक छोटे उद्योग येथे एकवटले आहेत. छत्तीसगडच्या खेड्यांतून तसेच बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले कामगार या कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये राहतात. अंगमेहनत हाच ज्यांच्या मिळकतीचा आधार आहे, अशा कुटुंबातील व्यक्तीला दीर्घकालीन हृदयविफलतेचा विकार जडला तर तिचे दैनंदिन आयुष्य कसे बदलते आणि ते सुसह्य करण्यासाठी कोणते उपाय उपलब्ध आहेत, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

या विकारावरील उपचारांत गेल्या तीन दशकांमध्ये मोठी प्रगती झाली आहे. तथापि, रुग्णाच्या आयुष्याची गुणवत्ता रुग्णालयात काढलेल्या मोजक्या दिवसांपेक्षा दोन भरतींच्या दरम्यानच्या घरच्या दिवसांवर अधिक अवलंबून असते. आरोग्य योजनांचा बहुतेक खर्च मात्र रुग्णालयातील खाटेवर होतो. उरल्यासारख्या कामगार वस्तीत ही तफावत विशेषत्वाने जाणवते.

विकाराचे स्वरूप

हृदयविफलता, अर्थात हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला आवश्यक तेवढे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची क्षमता कमी होणे, किंवा तेवढे रक्त ढकलण्यासाठी हृदयातील दाब वाढलेला राहणे, या स्थितीला हृदयविफलता म्हणतात. हृदयविकाराचा झटका ही अचानक घडणारी घटना असते, तर हृदयविफलता ही बहुधा वर्षानुवर्षे सोबत राहणारी अवस्था असते. झटक्यामुळे हृदयाच्या स्नायूचा काही भाग निकामी होणे, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या झडपांचे विकार आणि हृदयस्नायूंचे आजार ही तिची प्रमुख कारणे आहेत. बालपणीच्या संधिवाती ज्वरातून उद्भवणारा झडपांचा आजार भारतात अद्याप संपुष्टात आलेला नाही, त्यामुळे तरुण स्त्रियांमध्येही हा विकार आढळतो.

चालताना किंवा जिना चढताना धाप लागणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, रात्री धाप लागून जाग येणे, पावलांवर व घोट्यांवर सूज येणे आणि सतत थकवा वाटणे ही मुख्य लक्षणे होत. रुग्णाला झोपताना दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, किंवा बसूनच रात्र काढावी लागते. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडते, ते इकोकार्डिओग्राफीद्वारे मोजले जाते. हे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून कमी असल्यास आकुंचनशक्ती घटलेली, ४१ ते ४९ टक्के असल्यास किंचित घटलेली आणि ५० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास आकुंचनशक्ती शाबूत असलेली हृदयविफलता, असे वर्गीकरण केले जाते.

जगभरात सुमारे ६ कोटी ४० लाख लोक या विकाराने ग्रस्त असल्याचा अंदाज आहे. भारतातील रुग्णांची संख्या ८० लाख ते १ कोटीच्या दरम्यान असावी, असे तज्ज्ञ मानतात.

जीवनगुणवत्तेचे मोजमाप

रुग्णाला किती त्रास होतो हे ठरविण्याची सर्वांत जुनी आणि आजही प्रचलित असलेली पद्धत न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या नावाने ओळखली जाते. तिचा उगम १९२८ साली झाला. या पद्धतीत रुग्णांचे चार वर्ग पाडले जातात. नेहमीच्या हालचालींनी काहीच त्रास न होणारे पहिल्या वर्गात, तर विश्रांती घेत असतानाही धाप लागणारे चौथ्या वर्गात मोडतात. मात्र ही नोंद डॉक्टरांच्या नजरेतून होत असल्याने रुग्णाचा स्वतःचा अनुभव तिच्यात पूर्णपणे उतरत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रश्नावल्या तयार करण्यात आल्या. १९८४ साली आकारास आलेल्या मिनेसोटा प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्सस सिटी प्रश्नावलीत २३ प्रश्न असून तिचे गुण शून्य ते १०० या श्रेणीत मांडले जातात. गुण जितके अधिक, तितके रुग्णाचे आयुष्य अधिक सुकर, असा त्यांचा अर्थ होतो. आंघोळ करताना, कपडे घालताना, भरभर चालताना किती अडचण येते, गेल्या पंधरवड्यात पायांवर किती वेळा सूज आली, आजारामुळे निराशा वाटते काय, नातेवाइकांकडे जाणे-येणे कमी झाले आहे काय, अशा स्वरूपाची माहिती या प्रश्नावलीतून मिळते. पाच गुणांचा फरकही रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण समजला जातो.

या मोजमापाचे महत्त्व केवळ समाधानापुरते मर्यादित नाही. ४० देशांतील २३,००० हून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत, ज्यांचे गुण कमी होते त्या रुग्णांमध्ये मृत्यूचे आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. सर्वांत कमी गुण आफ्रिकेतील, तर सर्वाधिक गुण पश्चिम युरोपातील रुग्णांचे होते. आजार एकच असला तरी तो कोणत्या परिस्थितीत भोगावा लागतो, यावर बरेच काही अवलंबून असते, ही बाब त्यातून अधोरेखित झाली.

भारतातील चित्र

या विकारासंबंधीची भारतातील विश्वासार्ह माहिती प्रामुख्याने दोन नोंदवह्यांतून मिळते. तिरुवनंतपुरम हृदयविफलता नोंदवहीत २०१३ साली १,२०५ रुग्णांची नोंद करण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ वर्षे होते आणि पाच वर्षांच्या आत त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने राष्ट्रीय हृदयविफलता नोंदवही सुरू झाली. तिच्यात ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांचा समावेश होता. त्यांचे सरासरी वय साठच्या आसपास होते. सुमारे ७२ टक्के रुग्णांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हे मूळ कारण होते आणि भरती झाल्यापासून ९० दिवसांच्या आत १४.२ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला.

आकुंचनशक्ती घटलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी, म्हणजे ४७.५ टक्के रुग्णांनाच मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यक असलेली औषधे मिळत होती. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांच्यात, तसेच औपचारिक शिक्षण न झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पाश्चिमात्य देशांमध्ये हा मुख्यतः सत्तरीनंतरचा आजार आहे. भारतात तो सुमारे दशकभर आधी, म्हणजे अनेकदा कमावत्या वयात गाठतो. कामगार कुटुंबासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

हवा आणि उष्णता

रायपूर परिसरातील हवेचा प्रश्न जुना आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांचे सर्वंकष मूल्यमापन केले. तेव्हा रायपूरची गणना तीव्र प्रदूषित क्षेत्रांत, तर छत्तीसगडमधील कोरबा आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर यांची गणना त्याहून गंभीर अशा अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही रायपूरचा समावेश करण्यात आला.

हवेतील सूक्ष्म धूलिकण आणि हृदयविफलता यांचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, २.५ मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकणांचे प्रमाण प्रत्येक घनमीटर हवेमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की हृदयविफलतेमुळे रुग्णालयात भरती होण्याचे अथवा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांनी वाढते. ही वाढ प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. परंतु हिवाळ्यात, जेव्हा धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा धूलिकणांची पातळी कित्येक पटींनी वाढू शकते आणि तिचा परिणाम संपूर्ण वस्तीवर होतो. धुराचे प्रमाण अधिक असेल त्या पहाटे घराबाहेर चालण्याचा व्यायाम टाळणे, कचरा जाळण्याच्या ठिकाणापासून दूर राहणे आणि शक्य असल्यास स्वयंपाकासाठी लाकूड-कोळशाऐवजी गॅस वापरणे, एवढी खबरदारी रुग्णाच्या हाती असते. त्यापुढील उपाय कारखान्यांच्या धुराड्यांवरील नियंत्रण यंत्रणांचे आहेत आणि ते एकट्या रुग्णाच्या आवाक्यातले नाहीत.

उष्णतेचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. रायपूरमध्ये मे महिन्यात तापमान ४४-४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. भट्टीजवळ किंवा तापलेल्या पोलादाजवळ काम करणाऱ्यांना त्यात आणखी झळ सोसावी लागते. हृदयविफलतेच्या रुग्णाला शरीरातील जादा पाणी काढून टाकण्यासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. भर उन्हाळ्यात, घाम वाहत असताना, त्याच मात्रेत या गोळ्या घेतल्यास शरीर कोरडे पडून रक्तदाब खालावण्याचा, चक्कर येण्याचा आणि मूत्रपिंडांवर ताण पडण्याचा धोका असतो. म्हणून उन्हाळ्याच्या प्रारंभी औषधांच्या मात्रेचा डॉक्टरांकडून फेरआढावा घेणे आवश्यक मानले जाते. गोळ्या आपल्या मर्जीने बंद करणे मात्र तितकेच धोक्याचे आहे.

मीठ, पाणी आणि बासी

छत्तीसगडच्या श्रमिकांच्या आहारात बोरे-बासीला मानाचे स्थान आहे. शिजवलेला भात पाण्यात भिजवून लगेच खाल्ला तर तो बोरे आणि रात्रभर भिजवून सकाळी खाल्ला तर ती बासी. कांदा, हिरवी मिरची, चटणी, लोणचे आणि मीठ यांच्यासह ती खाल्ली जाते. उन्हात राबणाऱ्या शरीराला थंडावा देणारे हे अन्न आहे. २०२२ साली राज्य शासनाने १ मे रोजी, म्हणजे कामगार दिनी, बोरे-बासी खाऊन श्रमिकांचा सन्मान करण्याचे आवाहन केले होते.

हृदयविफलतेच्या रुग्णाला बासी वर्ज्य नाही, परंतु तिच्यातील दोन घटकांकडे लक्ष द्यावे लागते. पहिला घटक मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठी सुचविलेली मर्यादा दररोज ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याची आहे. मिठाचा अंश वाढला की शरीरात पाणी साचते, सूज वाढते आणि धाप लागते. बासीसोबतचे लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांचा हिशेब त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. दुसरा घटक पाण्याचा. बासीतील पाणी हेदेखील दिवसभरात प्यायलेल्या पाण्यातच मोजावे लागते, ही गोष्ट बरेचदा लक्षात येत नाही.

या संदर्भात अलीकडील संशोधनाने जुने कठोर नियम काहीसे सैल केले आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ८०६ रुग्णांचा समावेश होता. आहारातील सोडियमचे प्रमाण दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या खाली आणल्याने मृत्यू अथवा भरतीचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही, मात्र रुग्णांच्या जीवनगुणवत्तेत थोडी सुधारणा झाली. २०२५ साली नेदरलँड्समधील ५०४ रुग्णांवर करण्यात आलेल्या चाचणीत, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना दिवसाला दीड लिटर पाण्याचे बंधन घातल्याने जीवनगुणवत्तेत कोणताही फायदा दिसला नाही. उलट त्यांना तहानेचा त्रास अधिक झाला. ही चाचणी थंड हवेच्या देशातील होती आणि तिच्यात स्थिर प्रकृतीचे रुग्ण होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यामुळे पाण्याचे प्रमाण प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांशी बोलून, ऋतू आणि काम पाहून ठरवावे, हा त्याचा व्यवहारी अर्थ आहे.

दररोज सकाळी शौच-लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी आणि साधारण सारख्याच कपड्यांत वजन करून ते वहीत लिहून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त उपाय समजला जातो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वजन वाढल्यास ते बहुधा अंगात साचणाऱ्या पाण्याचे असते. धाप लागण्यापूर्वीच मिळणारा हा इशारा असतो आणि तो वेळीच ओळखला तर रुग्णालयातील भरती टळू शकते. ज्या घरात वजनकाटा नाही, तेथे शेजारच्या घरी, दवाखान्यात अथवा औषधांच्या दुकानात आठवड्यातून काही वेळा तरी वजन करता येते.

तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या

प्रौढांच्या तंबाखू सेवनासंबंधीच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार छत्तीसगडमधील ३९.१ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. विडी आणि गुटख्याखेरीज, दातांना लावण्याची गुडाखू ही तंबाखूमिश्रित लगदी येथे स्त्री-पुरुष दोहोंत प्रचलित आहे. दात घासण्याची सवय म्हणून तिच्याकडे पाहिले जात असल्याने रुग्ण डॉक्टरांना तिच्याविषयी सांगत नाहीत. त्यातील निकोटीन हृदयाची गती आणि रक्तदाब वाढविते.

अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या ही त्याहून कमी चर्चिली जाणारी बाब आहे. दिवसभर वजन उचलणारा कामगार संध्याकाळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी गोळी घेतो. या गटातील औषधांमुळे शरीरात मीठ-पाणी अडून राहते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि आटोक्यात असलेली हृदयविफलता पुन्हा बळावते. अशा रुग्णांनी कोणतीही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये, असा स्पष्ट सल्ला दिला जातो.

औषधोपचारातील प्रगती

आकुंचनशक्ती घटलेल्या हृदयविफलतेवरील उपचारांत आज चार प्रकारच्या औषधांना आधारस्तंभ मानले जाते. कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर औषधांची उपयुक्तता १९९० च्या दशकात सिद्ध झाली. स्पायरोनोलॅक्टोनमुळे तीव्र आजार असलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली दिसून आले. सॅक्युबिट्रिल आणि व्हॅल्सार्टन यांचे संयुक्त औषध २०१४ च्या चाचणीत जुन्या औषधापेक्षा सरस ठरले. मूळचे मधुमेहासाठी असलेले डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध मधुमेह नसलेल्या हृदयविफल रुग्णांनाही लाभदायक असल्याचे २०१९ साली सिद्ध झाले. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे पुढे आकुंचनशक्ती शाबूत असलेल्या रुग्णांनाही उपयुक्त ठरली.

ही औषधे आयुष्य वाढवितातच, शिवाय धाप आणि थकवा कमी करून रोजचे जगणे सुसह्य करतात. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने समाधानाची बाब अशी की, त्यांतील नव्या औषधांची एकाधिकार-मुदत संपल्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी ती बाजारात आणली आणि किमती लक्षणीयरीत्या उतरल्या. डॅपाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत हे २०२० साली, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनच्या बाबतीत २०२३ साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत २०२५ साली घडले. जन-औषधी केंद्रांतून जेनेरिक औषधे आणखी कमी दराने मिळतात.

रक्तातील लोहाची कमतरता हाही जीवनगुणवत्तेशी निगडित घटक आहे. लोहाची कमतरता असलेल्या रुग्णांना शिरेवाटे लोह दिल्यावर त्यांची चालण्याची क्षमता आणि जीवनगुणवत्ता सुधारल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ६१ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. तथापि, या राज्यात सिकलसेलचा आजारही मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यातील रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे उद्भवत नाही. त्यामुळे तपासणी केल्यावाचून लोह देणे योग्य ठरत नाही.

खर्च कोण उचलतो

रायपूरमध्ये हृदयरोगावरील शासकीय उपचारांची सोय आहे. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि त्याच्या आवारातील ॲडव्हान्स्ड कार्डियाक इन्स्टिट्यूट, तसेच २०१२ पासून कार्यरत असलेली टाटीबंध येथील एम्स ही संस्था यांमध्ये इकोकार्डिओग्राफीपासून अँजिओप्लास्टीपर्यंतच्या सुविधा मिळतात. नवा रायपूर येथील श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या जातात.

२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. छत्तीसगडमध्ये या योजनेला राज्याच्या योजनेची जोड देण्यात आली असून, अंत्योदय आणि प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ५ लाख रुपये, तर अन्य कुटुंबांना ५० हजार रुपयांपर्यंतचा लाभ ठरविण्यात आला. परंतु या योजनेचा भर भरती झालेल्या रुग्णावर आहे. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या औषधांचा खर्च आयुष्मान भारत योजनेत १५ दिवसांपुरताच समाविष्ट आहे. हृदयविफलतेची औषधे मात्र बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. सोळाव्या दिवसापासूनचा भार कुटुंबावर येतो आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेकांच्या गोळ्या खंडित होण्याचा धोका असतो. औषध खंडित झालेला रुग्ण पुन्हा भरती होतो, तेव्हा योजना त्याच्यासाठी पुन्हा कितीतरी अधिक रक्कम खर्च करते.

कर्मचारी राज्य विमा योजनेची रचना याहून वेगळी आहे. १९४८ च्या कायद्यान्वये सुरू झालेल्या या योजनेत बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि नियमित औषधे यांचाही समावेश होतो. २०१७ साली या योजनेसाठी मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली, तर २०१९ साली कामगाराचा हप्ता वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असा निश्चित करण्यात आला. आजारपणाच्या काळात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्याहून उल्लेखनीय तरतूद विस्तारित आजारपण लाभाची आहे. ३४ दीर्घ आजारांच्या यादीत हृदयविफलतेचा समावेश असून, दोन वर्षे सलग विमापात्र नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांचा हप्ता भरलेला असल्यास कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते.

या लाभाची माहिती अनेक विमाधारक कामगारांना नसते. शिवाय ज्याच्या नावाने हप्ताच भरला गेलेला नाही, त्याला तो मिळत नाही. कंत्राटदारामार्फत आलेल्या मजुराचा हप्ता भरण्याची जबाबदारी कायद्याने अंतिमतः मुख्य मालकावर टाकली आहे. तरीही कंत्राटदार बदलत राहिले की नोंदी तुटतात आणि सलग सेवेची अट पूर्ण करणे अवघड होते. म्हणून आपला विमा क्रमांक एकच राहील याची खात्री करून घेणे आणि हप्त्याच्या नोंदी वेळोवेळी पडताळणे ही बाब औषधाइतकीच महत्त्वाची ठरते.

काम, मिळकत आणि मान

हृदयविफलतेचे निदान झाले म्हणजे काम सोडावेच लागते, असे नाही. पहिल्या व दुसऱ्या वर्गातील अनेक रुग्ण बैठे अथवा हलके काम करू शकतात. जड वजन उचलणे, तीव्र उष्णतेजवळ उभे राहणे आणि झोपेचे चक्र बिघडविणारी रात्रपाळी ही कामे त्यांना झेपत नाहीत. मोठ्या कारखान्यात वजनकाट्यावर, भांडारात किंवा फाटकावर बदली शक्य असते. छोट्या रोलिंग मिलमध्ये मात्र अशा जागा मोजक्याच असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यांत सिकलसेलसारखे रक्तविकार आहेत, परंतु हृदयविफलता नाही. परिणामी, जिना चढू न शकणारा रुग्ण कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग ठरत नाही आणि त्या अनुषंगाने मिळणाऱ्या सवलतींपासून वंचित राहतो.

मिळकत थांबली की घरातील स्थानही बदलते. वरकरणी धडधाकट दिसणारा माणूस दिवसभर घरी बसून असल्याने त्याच्याकडे आळशी म्हणून पाहिले जाण्याची शक्यता असते. या आजाराच्या सुमारे पाचपैकी एका रुग्णात उपचार करावे इतपत नैराश्य आढळते, असे विविध अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २००६ साली दिसून आले. अशा नैराश्यात सर्ट्रालिन हे औषध निव्वळ गोळीच्या भासापेक्षा अधिक प्रभावी ठरले नाही, मात्र विचारपद्धतीवर आधारित समुपदेशनाचा उपयोग झाल्याचे २०१५ च्या एका चाचणीत आढळले. रुग्णाची सेवा बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते. तिच्या स्वतःच्या मजुरीवर आणि प्रकृतीवर होणारा परिणाम कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरलेला नसतो.

हालचाल आणि अखेरचा टप्पा

एकेकाळी अशा रुग्णांना सक्तीची विश्रांती सांगितली जात असे. ही समजूत आता मागे पडली आहे. २,३३१ रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमित, मोजका व्यायाम सुरक्षित असल्याचे आणि त्यामुळे जीवनगुणवत्तेत माफक परंतु टिकाऊ सुधारणा होत असल्याचे सिद्ध झाले. बोलता येईल इतपत वेगाने दररोज काही मिनिटे चालणे आणि हळूहळू वेळ वाढवीत नेणे, एवढ्यानेही फरक पडतो. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. मात्र सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी आणि सूज किंवा धाप वाढलेली असताना व्यायाम थांबवावा.

आजार बळावून चौथ्या वर्गात पोहोचल्यावर दुःख हलके करणाऱ्या परिहारक उपचारांचे महत्त्व वाढते. असे उपचार केवळ कर्करोगासाठी असतात, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत १५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना परिहारक उपचारांची जोड दिल्याने जीवनगुणवत्ता, चिंता आणि नैराश्य या तिन्ही बाबतींत सुधारणा झाली. पुढे काय होऊ शकते आणि कोणत्या उपचारांना आपली संमती आहे, याविषयी रुग्णाशी वेळेवर आणि मोकळेपणाने बोलणे हाही त्या उपचारांचाच भाग होय.

वस्तीपातळीवरील शक्यता

छत्तीसगडने २००२ साली मितानिन कार्यक्रम सुरू केला. मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. वस्तीतील एका स्त्रीला आरोग्य कार्यकर्ती म्हणून प्रशिक्षण देण्याची ही पद्धत २००५ साली देशभर सुरू झालेल्या आशा योजनेच्या आधीची असून, पुढे ती शहरी वस्त्यांपर्यंतही पोहोचली. माता-बाल आरोग्यावर तिचा प्रारंभीचा भर होता. कालांतराने क्षयरोग, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचाही तिच्या कामात समावेश झाला.

हृदयविफलतेच्या रुग्णाला घरी लागणारा आधार याच स्वरूपाचा असतो. आठवड्यातून एकदा वजनाची वही पाहणे, पायांवरील सूज तपासणे, गोळ्या संपण्यापूर्वी आठवण करून देणे, उन्हाळ्यात डॉक्टरांकडे पाठविणे आणि विमा कार्डाविषयी विचारणे, या कामांना महागडी साधने लागत नाहीत. बाह्यरुग्ण औषधांचा खर्च आणि वस्तीतील अशी नियमित देखरेख यांची सांगड घातली गेली, तर दोन भरतींमधील अंतर वाढू शकते आणि मधले दिवस सुखाचे होऊ शकतात.

हा प्रश्न एकट्या उरल्याचा नाही. जालन्यातील पोलाद कारखाने असोत, चंद्रपूरचा औद्योगिक पट्टा असो किंवा नागपूरजवळील बुटीबोरी असो, जेथे श्रमावर घर चालते तेथे या आजाराचे स्वरूप थोड्याफार फरकाने सारखेच राहणार आहे. रुग्ण किती वर्षे जगला याबरोबरच, त्या वर्षांत त्याला रात्री सलग झोप लागली काय, अंगणापर्यंत न थांबता चालता आले काय आणि घराच्या मिळकतीत त्याचा वाटा राहिला काय, यावरूनही उपचारांचे यश जोखले जाणे आवश्यक आहे.